आडवी डहाळी

बा, तू शिकवलेल्या एका डहाळीपायी परवा एका बाईचा हात मोडला. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुझी शिकवण अजून माणसं पाडून राहिली. हे तुला कोणी तरी सांगायला पाहिजे म्हणून बसलोय. मायला फोनवर सांगितलं असतं तर ती रडली असती. इथल्या साहेबावर ओरडलो तर आजच पिशवी भरावी लागेल. तू तेवढा असा आहेस की कितीही ओरडलं तरी काही बोलणार नाहीस. जिवंत होतास तेव्हा तरी कुठं बोलत होतास?

मी कुठं आहे ते आधी सांगतो. तुला किनवटच्या पलीकडं माहूर आणि एकदा नांदेडचा दवाखाना, एवढंच जग ठाऊक. मी हिमाचलात आहे, एका राष्ट्रीय उद्यानात. उद्यान म्हटलं म्हणून झोके आणि कारंजं डोळ्यापुढं आणू नको. चार दिवस चाललं तरी संपत नाही असं जंगल आहे हे, आणि जंगलाच्या वर बर्फाचे डोंगर. लोक कुठून कुठून येतात, पाठीला पिशव्या लावतात आणि चालतात. नुसतं चालतात, बा. मोहफुलं वेचायला नाही, ढोर हरवलं म्हणून नाही, सरपणाला नाही. चालायचं म्हणून चालायचं. आधी मी त्यांच्या तंबूवर भांडी घासली, मग खेचरांमागं फिरलो, आणि आता दोन हंगाम झाले, पुढं राहून वाट दाखवतो. तू जन्मभर जे केलंस तेच. फरक एवढाच की इथं वाट दाखवणाऱ्याला लोक जाताना हात जोडतात आणि त्याच्याबरोबर फोटो काढतात.

वाट लई देखणी आहे, ते खोटं बोलणार नाही. पहिल्या दिवशी नदीच्या काठाकाठानं. पाणी एवढं निळं की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं वरती कोणी निळीची पुडी सांडली. दोन्ही बाजूंनी देवदार, आपल्या सागाला लाज वाटेल असे सरळ. मग लाकडाचा पूल, मग चढ. चढावर लाल फुलांची झाडं आहेत, पळसासारखी लाल पण पळसाइतकी उघडी नाहीत, पानांत लपून फुलतात. आणि तिसऱ्या दिवशी चढ संपला की एकदम मोकळं गवत, त्याला इथले लोक थाच म्हणतात. थाचावर पोचलं की समोर पांढऱ्या डोंगरांची भिंतच उभी. पुण्याची, बंगलोरची बडबडी माणसं तिथं येऊन गप्प होतात. एक म्हातारा तर टोपी काढून उभा राहिला होता, देवळात आल्यासारखा. मला दर वेळी तिथं तुझा राग येतो. कामून येतो ते पुढं सांगतो, आधी परवाचं ऐक.

पुण्याची सहा माणसं होती. त्यांत एक काकू, साठीच्या पुढच्या, दोन्ही हातांत काठ्या आणि तोंड अखंड चालू. पहिल्या दिवशीच त्यांनी मला पकडलं.

"कुठला रे तू? मराठी बोलतोयस!"

"किनवटचा. नांदेड जिल्हा."

"नांदेड? तिकडे नुसतं ऊन असतं ना? जंगल कुठलं आलं तिथं?"

"हाय थोडं," मी म्हणालो.

"मग तू इतक्या लांब काय करतोस?"

"तुमचं सामान उचलून राहिलो," म्हटलं, तर त्या एवढ्या हसल्या की त्यांना थांबून पाणी प्यावं लागलं. म्हणाल्या, "माझे गुडघे मी पुण्यातच ठेवून आलेय, तेवढे सोडून बाकी सगळं उचल." मला त्या आवडल्या, बा. म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या वर दोन वाटा फुटतात. एक सरळ, थाचावर जाणारी. दुसरी डावीकडं, मेंढपाळांची जुनी, ती गेल्या पावसाळ्यात नाल्यावर खचली. तिथं बोर्ड आहे, लाकडाच्या खांबावर पत्रा ठोकलेला, हिंदीत लिहिलेलं आणि लाल बाण. गेल्या हंगामात मी माणसांना नेहमी पलीकडच्या, खेचरांच्या वाटेनं वर न्यायचो. या फाट्यावरून माणसं घेऊन जायची ही पहिलीच वेळ. मी सगळ्यांच्या पुढं होतो, ते मागं कुठल्याशा पक्ष्याचा फोटो काढत होते. आणि मी बघतो तर सरळ वाटेवर डहाळी आडवी पडलेली. देवदाराची, हिरवीगार, शेंडा डावीकडं.

माझा पाय आपोआप डावीकडं वळला. बोर्डाकडं मान वरसुद्धा केली नाही. तूच सांगितलेलं ना? दोन वाटा फुटल्या की पुढं गेलेला माणूस मागच्यासाठी खूण ठेवतो. जी वाट धरायची नाही तिच्यावर डहाळी आडवी, आणि शेंडा खऱ्या वाटेकडं. आपल्याकडं लहान पोरालाही कळतं. मी हात करून सगळ्यांना डावीकडं बोलावलं आणि ती सहाही माणसं निमूट आली. पुढच्यावर भरवसा टाकून चालतात ती. वाट दोन वळणांनी बारीक झाली, मग नुसती खडी, मग खाली नाला. मी म्हटलं, थांबा, मागं फिरा. काकू फिरल्या, त्यांची काठी खडीत रुतली, आणि त्या हातावर पडल्या. सुकलेली काटकी मोडावी तसा आवाज आला.

तू बकरीचा पाय बांधायचास तसा दोन चिपा लावून त्यांच्याच ओढणीनं मनगट बांधलं. पाठीवर घेतलं. त्या पाठीवरून मलाच समजावत होत्या, "तुझी काय चूक रे, वाटच खचली त्याला तू काय करणार?" आणि मी त्यांना घेऊन परत त्या फाट्यावर आलो तेव्हा बोर्ड माझ्या तोंडासमोर होता. काकूंचं ओझं पाठीवर, घाम डोळ्यात, आणि मी उभ्या उभ्या वाचलं. 'थाच सीधे. बाईं ओर रास्ता बंद है.' एकेक अक्षर वाचता आलं. मग पायाशी बघितलं. डहाळीचा बुडखा चिंध्या झालेला. कोयत्यानं तोडलेली असती तर तिरपा काप दिसला असता. वाऱ्यानं नाही तर वानरानं मोडलेली डहाळी होती ती. आणि तू हेही सांगितलं होतंस. "आदी बुडखा बग. मान्सानं तोडली का वाऱ्यानं मोडली ते बुडखा सांगतो." मी तेवढं विसरलो आणि बाकीचं लक्षात ठेवलं.

खाली आल्यावर साहेबानं, म्हणजे या सहली काढणाऱ्या आमच्या मालकानं, सगळ्यांसमोर विचारलं, "बोर्ड पढ़ना नहीं आता?"

मी म्हणालो, "नहीं आता."

बघ कसं निघालं तोंडातून. येत असून नाही म्हटलं. अडाणी माणसावर कोणी जास्त रागवत नाही, हे मला कुठं तरी माहीत होतं. साहेबाचा चेहरा लगेच मऊ झाला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तू काळजी करू नको, सगळं ठीक करू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोर्ड आडवा पडलेला होता. साहेब म्हणाला, हवा चली थी. आमच्या सामानवाल्या पोराच्या पहारीला ओली माती होती, ती मी बघितली. माती वाचायला अक्षरं यावी लागत नाहीत.

आता गोष्ट अशी आहे की आज तीन वाजता जंगलखात्याच्या चौकीवर माझा जबाब आहे. साहेबानं तो लिहूनच ठेवलाय. 'बोर्ड गिरा हुआ था, इसलिए रास्ता समझ में नहीं आया.' खाली जागा मोकळी सोडलीय आणि शाईचा डबा दिलाय. अंगठ्यासाठी, बा. मला अंगठा दे म्हणतात. वर चार कोरे कागद दिलेत, कशाला, तर अंगठा आधी त्यावर उठवून बघ, नीट उठला पाहिजे. त्याच कागदांवर हे लिहून राहिलोय.

अंगठा दिला की माझं काम राहतं. पण मग बोर्ड नीट पुरला नाही म्हणून तो पुरणारा अडकतो. तो कोण आहे सांगू? तूच आहे. म्हणजे तुझ्यासारखाच, रोजंदारीवरचा म्हातारा, पाठीला वाक आलेला, वाटेवरचे दगड बाजूला करणारा, पायऱ्या बांधणारा, रंगाचा डबा आणि हातोडी घेऊन एकटाच डोंगरात फिरणारा. तो बोर्ड त्यानं खालून पाठीवर नेलाय. आम्ही त्याला चाचा म्हणतो. काल सकाळी तो स्वयंपाकाच्या तंबूत आला, मूठभर अक्रोड माझ्यापुढं ठेवले आणि बसला. चहा घेतला नाही.

"बेटा, मैंने कमर तक गड्ढा किया था," तो म्हणाला आणि स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवला. "उसमें पत्थर भरे थे. हवा से कैसे गिरेगा? तू तो सबसे आगे था. खड़ा था ना?"

मी जमिनीकडं बघत म्हणालो, "ध्यान नहीं दिया, चाचा."

तो उठला. म्हणाला, "अखरोट खा ले," आणि गेला.

म्हणून तुझा राग येतो. कारण ही सगळी माझी गत तू केलीस. मी पाचवी अर्धी सोडली ती तुझ्यामुळं. किनवटच्या हॉस्टेलातून तू माझी पेटी डोक्यावर घेऊन बाहेर पडलास, आणि त्या दिवसापासून मी अंगठेवाल्यांत जमा झालो. तू शाळेत ठेवलं असतंस तर मी आधी बोर्ड वाचला असता, मग डहाळी. तू मला डहाळ्या, ठसे, विष्ठा, मोडलेली गवताची काडी, हे सगळं वाचायला शिकवलंस, आणि जे वाचून माणसाला खुर्ची मिळते त्यातून काढून आणलंस. हे मी बारा वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. हैदराबादला बांधकामावर सांगितलं, इथं सांगितलं. बाप अडाणी होता, त्यानं शाळा सोडवली. लोक म्हणतात, अरेरे.

मी पहिल्यांदा हॉस्टेलातून पळून आलो तेव्हा दहा वर्षांचा होतो. सडकेनं लई लांब पडतं, म्हणून रेल्वे ओलांडून जंगलातून आलो, दिवसभर. तू मारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी मायनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि तू मला त्याच वाटेनं परत सोडायला निघालास. घरी तुझ्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघायचे. त्या वाटेवर तुला काय व्हायचं कळत नाही. तू बोलायचास. धावड्याच्या डिंकाचं बोलायचास, रानडुकरानं खोडाला घासलेला चिखल दाखवून म्हणायचास, "हिथवर लागलाय म्हंजी एवढं उंच हाय बग," आणि हातानं उंची दाखवायचास. नाल्यावर पाणी पिताना तू खाली वाकलास आणि माझ्यासाठी टेंभुर्णीच्या पानाचा द्रोण केलास. मी विचारलं, "बा, तू कसा पितोस मग?" तर तू ढोरासारखं तोंड लावून प्यालास आणि मिशीचं पाणी माझ्यावर उडवलंस. हॉस्टेलच्या फाटकात आल्यावर परत तुझं तोंड बंद. सरांपुढं नुसते हात जोडून उभा.

दुसऱ्यांदा पळून आलो, परत तसंच. त्या खेपेला तू डहाळीचं शिकवलंस. एका फाट्यावर मला डोळे मिटायला लावलेस आणि पुढं निघून गेलास. मी डोळे उघडले तर सागाची डहाळी आडवी. तिच्यावरून तुला शोधत आलो तर तू खडकावर बसून विडी ओढत होतास. "पान बगितलं का? किती सुकलं व्हतं? त्यावरून मानूस किती पुढं गेलाय ते कळतं." मी म्हणालो, "तू तर आत्ताच गेलास, त्याला काय बघायचं?" तू हसलास. फाटकापाशी मात्र म्हणालास, "आता तिसऱ्यांदा आलास तर टंगडं मोडीन. समजलं का?"

"हाव," मी म्हणालो.

मधे ती फितीची गोष्ट झाली. धबधब्याकडं जाणारी वाट, जी तू दर वर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन साफ करायचास, जिच्यावरचा एकेक उतरता दगड तू बसवला होतास, तिला त्या वर्षी निसर्गवाट म्हणायचं ठरलं. मोठे साहेब येणार. दोन सागांच्या मधे लाल फीत बांधली. आम्हाला हॉस्टेलातून टाळ्या वाजवायला आणलं होतं. तुझ्या हातात ताट दिलं, त्यात कात्री. तू मायनं धुतलेला सदरा घातला होतास. एक जण भाषणात म्हणाला की ही वाट जंगलखात्यानं शोधून काढली. शोधून काढली! आणि फोटोच्या वेळी कोणी तरी तुला म्हणालं, "ओ, जरा बाजूला सरका." तू सरकलास. ताटासकट सरकलास, आणि हसत होतास. मी मागून येऊन तुझा सदरा ओढला, "बा, ती वाट तू केलीस ना? सांग ना त्यांना." तू मान खाली घालून म्हणालास, "वाट काय कुनाची अस्ती व्हय? गप ऱ्हा." इथं थाचावर लोक टोप्या काढतात तेव्हा मला तेच दिसतं. ज्यानं पायरी बसवली तो फोटोच्या बाहेर. आणि तू हसत होतास.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी तिसऱ्यांदा पळालो. नाल्याच्या उतारावर शेवाळलेल्या खडकावरून घसरलो आणि पाठीवर आपटलो. घरी पोचलो तर तू अंगणात होतास. मला बघून तू काही न बोलता कुडाची काठी उपसलीस. टंगडं मोडणार म्हणाला होतास. मी घाबरलो, बा. सदरा वर केला, पाठ दाखवली आणि म्हणालो, "सरांनी मारलं."

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मायलासुद्धा नाही.

सर मारत नव्हते. त्या हॉस्टेलात मारणारे दुसरे होते, पण ते सर नव्हेत. सर आम्हाला रविवारी किनवटच्या स्टेशनवर न्यायचे आणि बोर्ड वाचायला लावायचे. पिवळ्या पाटीवरचं गावाचं नाव, मालगाडीच्या डब्यांवर खडूनं लिहिलेलं, चहाच्या टपरीवरचं. "पुस्तक गेलं चुलीत," म्हणायचे, "जिथं अक्षर दिसंल तिथं वाच." मला परवा फाट्यावर जे वाचता आलं ते त्यांच्यामुळं. त्यांचं नाव मी घेतलं, कारण दहा वर्षांच्या पोराला त्या क्षणी ज्याचं नाव आठवलं ते त्यांचं.

तू काठी टाकलीस. पहिल्या एसटीनं मला घेऊन किनवटला आलास, जंगलातून नाही. आणि हॉस्टेलच्या अंगणात तू ओरडलास. मी तुला तसं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. "माज्या लेकराच्या पाठीची साल काढली! कोन समजतुस तू स्वताला? रानातली मान्सं म्हंजी ढोरं हायत का?" पोरं खिडक्यांतून बघत होती, बाजाराला आलेले लोक फाटकात जमले होते. सर पांढरे पडले. ते माझ्याजवळ आले, गुडघ्यावर बसले आणि हळू विचारलं, "मी मारलं का रे तुला?"

मी जमिनीकडं बघितलं.

तू पेटी उचललीस. दिवाळीनंतर सर तिथं नव्हते. कोणी म्हणालं मुखेडकडं गेले, कोणी म्हणालं शिकवणंच सोडलं. मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आता खरा राग सांगतो. सदऱ्याला शेवाळ होतं, बा. पाठीमागं हिरवं शेवाळ घासलेलं होतं, मायनं तीन वेळा धुतला तरी निघालं नाही. तू तो सदरा हातात घेऊन बघत बसला होतास, मला आठवतं. चिखलावरून डुकराची उंची सांगणारा माणूस तू. पान किती सुकलं त्यावरून माणूस किती लांब गेला ते सांगणारा. तुला ते शेवाळ वाचता आलं नाही? मी नाही मानत. तुला कळलं होतं. तरी तू गेलास आणि ओरडलास, कारण तुझ्या आत आठ-दहा दिवसांपासून एक ओरडणं अडकलं होतं. ते फितीपाशी ओरडायचं होतंस. ज्यानं बाजूला सरक म्हटलं त्याच्यावर ओरडायची तुझी छाती झाली नाही, म्हणून रविवारी पोरांना स्टेशनवर नेणाऱ्या एका गरीब मास्तरावर ओरडलास. तो उलट काही करणार नव्हता. तू मोठ्यांपुढं गप्प आणि बारक्यांपुढं वाघ झालास, आयुष्यात एकदाच झालास, आणि तो माझ्या खोट्यावर.

हे असं लिहिलं आणि थोडा वेळ बाहेर जाऊन आलो. चाचा समोरच बसलाय, पाटीचे खिळे सरळ करत. एक वाकलेला खिळा दगडावर ठेवतो, ठोकतो, डोळ्याजवळ धरून बघतो. मी काय करून राहिलोय ते त्याला माहीत नाही. किंवा असेल. त्यानं मला विचारलं होतं, खड़ा था ना. सरांनी विचारलं होतं, मी मारलं का रे. दोन्ही वेळा मी जमिनीकडं बघितलं. साहेबावर माझा दात आहे, खरा माझा राग त्याच्यावर असायला पाहिजे, आणि माझा अंगठा कोणावर उठणार होता? चाचावर. तुझ्यापेक्षा वेगळं मी काय करत होतो?

मी अंगठा देणार नाही. शाईचा डबा बंद करून साहेबाच्या टेबलावर ठेवून आलोय. तो म्हणाला, "क्या हुआ?" मी म्हणालो, "साब, मुझे पढ़ना आता है." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू त्याचं खेचरच बोललं. मग म्हणाला, "तो फिर काम कहीं और ढूँढ लेना." मी म्हणालो, "ठीक है." मायला या महिन्यात काय सांगायचं तेही अजून ठरलेलं नाही.

चारातला शेवटचा कागद अर्धा उरलाय. तो फाडून घेतो आणि त्यावर माझ्या हातानं लिहितो. 'बोर्ड उभा होता. मी पुढं होतो, मी तो पाहिला नाही. डहाळी पाहून वाट बदलली.' हिंदीत कसं लिहायचं तिथं विचारीन. खाली सही करीन. तुझ्या बापजाद्यांत नसेल अशी सही करीन.

हे बाकीचे साडेतीन कागद कुठं पाठवायचे? तुला पत्ता नाही, आणि असता तरी तुला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतले असतेस तर तो म्हणाला असता, पोरगं लई बोलतं. चुलीत टाकीन, नाही तर पिशवीच्या तळाशी राहू देईन.

एक राहिलं. साडेतीन कागद तुला शिव्या दिल्या आणि हे लिहिलं नाही. हॉस्टेलात मला काही त्रास नव्हता. पोटभर मिळायचं, सर चांगले होते, रविवारचं स्टेशन मला आवडायचं. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मी पळून आलो ते घरासाठी नव्हे. पळून आलं की दुसऱ्या दिवशी तू मला परत सोडायला यायचास, जंगलातून, दिवसभर, बोलत.